बिराप्पाचं झाकण

सयाजी पोळला कुणी 'मेजर' म्हटलं की त्याच्या टाळक्यात जाळ व्हायचा. माण तालुक्यात फौजेतून परतलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. कुणी लंगरात चपात्या लाटलेल्या असोत, नाहीतर कुणी सरहद्दीवर गोळी खाल्लेली असो, एसटीतून ट्रंक खाली उतरली की गाव सगळ्यांना एकाच तराजूत घालून मोकळं होतं. "मेजर, चहा घ्या." "मेजर, पोराला भरतीचं जरा सांगा की." सयाजी ऐकून घ्यायचा आणि मग म्हणायचा, "मेजर न्हाई. दफेदार. रणगाड्याचा डायवर. चोवीस वर्सं."

समोरचा म्हणायचा, "तेच की वो, मेजर."

तेच नसतं. सयाजीचं सगळ्या जन्माचं भांडण ह्या 'तेच की'शी होतं.

खडकमाळात, आपल्या गावी, त्यानं घरामागच्या पत्र्याच्या शेडात काम सुरू केलं, तेव्हा पहिल्याच आठवड्यात घोळ झाला. कुणीतरी शालनला, म्हणजे त्याच्या बायकोला, विचारलं, "काय ठोकाठोक चाललीया गं?" ती म्हणाली, "टँक करत्यात." दुसऱ्या दिवशी वस्तीवरच्या दोन बाया बघायला आल्या. "किती लिटरचा हाय?" माणदेशात टँक म्हटलं की डोळ्यांपुढं पाणीच येणार, त्यात त्यांची काय चूक? फेब्रुवारीत विहिरी तळाला जातात आणि तिथून पुढं सगळी वस्ती टँकरच्या हॉर्नवर जगते. सयाजीनं बायांना बसवलं, चहा पाजला आणि सांगितलं, "पाण्याचा न्हवं. तोफंचा. खऱ्याच्या दहाव्या हिश्श्याचा." खरा केवढा असतो ते दाखवायला त्यानं दोन्ही हात पसरले. हात पुरले नाहीत.

तीन वर्षं तो रणगाडा टेबलावर वाढत होता. पुण्या-मुंबईत प्लास्टिकचे तयार संच मिळतात, डब्यात भाग मोजून दिलेले. शाळेतल्या एका मास्तरनं मोबाईलवर त्याला ते दाखवले. सयाजी म्हणाला, "ब्येस हाईत. पर हे तळहातावर मावत्यात. मला ह्यात माणूस बसवायचाय." मग त्यानं आपल्या पद्धतीनं जुळवाजुळव केली. जुन्या कूलरच्या पत्र्याचं अंग. वरचा घुमट म्हणजे दहिवडीच्या बाजारातली लोखंडी कढई, उपडी घालून ठोकलेली. खऱ्याचा घुमटही हुबेहूब तसाच दिसतो, हे शालनला पटायला महिना लागला. पडद्याच्या दांडीची तोफ, तिच्या तोंडाजवळचा फुगवटासुद्धा सोडला नाही. चाकं लोणंदच्या एका लेथवाल्याकडून कातून आणली. आणि चेन? एका अंगाला नव्वद कड्या, दोन्हीकडच्या मिळून एकशे ऐंशी, गोडेतेलाच्या डब्यांतून कापलेल्या, सायकलच्या आऱ्यांच्या तुकड्यांनी एकमेकींत ओवलेल्या. दिवसाला दोन व्हायच्या. बोट कापलं तर एकच.

"घरात नातू असता तर म्हणलं असतं, त्येच्यासाठी खेळणं करत्यात," शालन म्हणायची. "आता लोकं म्हणत्यात, म्हातारं खुळावलं."

"लोकांना चाक मोजाय सांग."

कारण बघायला येणारा प्रत्येक जण एकच चूक काढायचा. एका बाजूला पाच चाकं; मागची चार अंगाला अंग लावून, आणि पहिल्या-दुसऱ्यामध्ये मात्र रिकामी जागा. "मेजर, एक चाक ऱ्हायलं की!" सयाजी दात-ओठ खात सांगायचा की राहिलं नाही, त्या जातीच्या रणगाड्याची ती ओळखच आहे, लांबून नुसती ती फट दिसली तरी जाणता माणूस सांगतो हा कोण ते. "बैलाच्या कपाळावरचा चांद पुसतोस काय रं? मग ती फट कशाला बुजवाय निघालास?"

शेवटचे तीन महिने त्यानं फक्त धूळ लावली. हो, धूळ. माळावरची माती आणायची, शालनच्या जुन्या लुगड्यातून गाळायची, फेविकॉलच्या पाण्यात कालवायची आणि दाढीच्या ब्रशानं चाकांच्या खोबणीत, चेनच्या कडीकडीत बसवायची. जिथं माणसाचा पाय पडतो तिथं रंग घासून पत्रा उघडा करायचा. धुराड्याखाली काजळी. मागच्या अंगाला बाभळीचा ओंडका, कारण चिखलात रुतला तर तोच कामाला येतो. "चकचकीत रणगाडा परेडीतला असतो," तो म्हणायचा. "हा कामावरचा हाय."

आता ह्यात बसवायचा होता तो माणूस. घुमटाच्या उजव्या अंगाला एक गोल झाकण होतं, बूटपॉलिशच्या डबीचं, बिजागरीवर उघडणारं. ते बिराप्पाचं.

बिराप्पा जत तालुक्यातला धनगर. रणगाड्यात गोळा भरायचा, लोडर. कानडी शाळेत शिकलेला, त्याची मराठी निम्मी कानडीच. खऱ्या रणगाड्यात स्वतःच्या डोक्यावरच्या झाकणाला आतून त्यानं पांढऱ्या रंगानं आपलं नाव लिहिलं होतं, कानडी अक्षरांत. सयाजीनं विचारलं, "मराठीत लिव की गड्या." तो हसून म्हणाला, "साहेबाला वाचता येत न्हाई, म्हणून तर पुसाय लावत न्हाई." सयाजीलाही वाचता येत नव्हतं. पण दोन वर्षं झाकण उघडलं की ती चार वळणं दिसायची. चित्रासारखी डोक्यात बसली.

सत्त्याऐंशी सालच्या मे महिन्यात, वाळवंटातल्या सरावात, कालव्याच्या कडेनं जाताना बांध खचला. रणगाडा उजव्या अंगाला कलंडला. बिराप्पा छातीपर्यंत झाकणाबाहेर उभा होता. चालवत होता सयाजी. चौकशी झाली, कागद झाला, 'कुणाचीही चूक नाही' असा शेरा पडला. शेरा मारणाऱ्याला कागद मिटता येतो. सयाजी उजवीकडं वळण आलं की अजून, मोटारसायकलवरसुद्धा, थांबून आधी कडेची माती बघतो.

आणि बिराप्पा? सरावात गेला म्हणून शहिदांच्या पाटीवर नाही. त्याच्या गावच्या शाळेतल्या फळ्यावर नाही. दर पंधरा ऑगस्टला हार घालायला निघालेल्या कुठल्याच पुढाऱ्याच्या यादीत नाही. उन्हात, आपल्याच देशाच्या वर्दीत, आपल्याच लोखंडाखाली मेलेला माणूस हिशेबात धरायचा नाही, असा हा कायदा कुणी केला? शत्रूच्या हातानंच मरायला पाहिजे अशी अट भरतीच्या वेळी वाचून दाखवतात काय? सयाजीनं अडतीस वर्षं हाच प्रश्न वेगवेगळ्या टेबलांवर आपटला. शेवटी टेबल बदलायचं सोडून त्यानं स्वतःचंच टेबल मांडलं. रणगाडा पुरा झाला, पुढच्या अंगाला पितळी पट्टी बसवली: 'लोडर बिराप्पा, जत'. चार लोकांपुढं ती पट्टी लागली पाहिजे, एवढंच त्याला हवं होतं.

म्हणून जयराज दारात आला तेव्हा सयाजीला बरं वाटलं. जयराज हा उदयसिंहदादांचा माणूस. दादांचं प्रतिष्ठान, दादांचे फ्लेक्स, दादांचा वाढदिवस, सगळं तोच बघायचा.

"मेजर, प्रतिष्ठानतर्फं माजी सैनिक भवन झालंय. मधोमध चबुतरा हाय. त्यावर तुमचा रणगाडा ठिवू. एक मेला उद्घाटन, दादांच्या हस्ते."

"दफेदार. देतो. फुकट देतो. पर ही पट्टी हलणार न्हाई."

जयराजनं वाकून पट्टी वाचली. "हे कोण?"

"माझा लोडर."

"कुठल्या लढाईत?"

"सरावात गेला."

"म्हंजे शहीद न्हाईत."

"मेलाय. तेवढं पुरत न्हाई व्हय?"

"तसं न्हवं वो. पर जत म्हंजे आपलं गाव न्हाई, आपला तालुका न्हाई, जिल्हा न्हाई..." जयराज जरा अडखळला आणि खरं ते बोलून गेला, "मतदारसंघबी न्हाई."

सयाजीनं दार उघडं धरलं. "मग निघा."

"आवं, चिडताय कशाला? ऱ्हाऊ द्या पट्टी. माझा शब्द हाय."

त्या रात्रीच्या जेवणाआधी सयाजीनं जतला फोन लावला. बनुबाई, बिराप्पाची बायको. नवरा गेला तेव्हा बावीस वर्षांची होती. मेंढरं राखून, दुसऱ्याच्या ज्वारीत खुरपून तिनं साठी गाठली. सयाजी वर्षातून एकदा तिला पत्र पाठवायचा, पुढं फोन. ती कधी काही मागायची नाही, कधी काही विचारायची नाही. ते न विचारणंच सयाजीला जड जायचं.

"वयनी, एक तारखंला या हिकडं."

"कशाला ओ अण्णा, एवढ्या उन्हात?"

"त्येचं नाव लिवलंय. चारचौघांत लागणार हाय."

पलीकडं शेळी ओरडली, तिला हाकलल्याचा आवाज आला. मग बनुबाई म्हणाली, "ह्यांचं?" आणि लगेच, "येते."

दोन दिवस आधी प्रतिष्ठानची गाडी आली आणि रणगाडा घेऊन गेली. "लायटिंग बघायचं हाय," जयराज म्हणाला.

एक मेला सकाळी जतवरनं आटपाडी, आटपाडीवरनं दहिवडी अशी दोन एसट्या बदलून बनुबाई आली. नवं लुगडं, कपाळ मोकळं, पिशवीत ज्वारीच्या भाकरी. सयाजी तिला घेऊन गावात शिरला तर वेशीपाशी टँकर उभा, आणि भोवती हंड्यांची रांग आणि बायांचा कालवा. सयाजीला बघताच एक जण पुढं आली.

"या मेजर! तुमचा टँक न्हाऊन धुऊन बसलाय, आमी मात्र कोरड्या!"

"काय?"

"आवं, सकाळच्या पारी टँकर आधी भवनावर न्हेला. परवा एकदा धुतला हुता, आज परत पाईप लावून तुमचा टँक धुतला, मग चबुतरा धुतला, मग दादांच्या गाडीची काच. आता तळ ऱ्हायलाय, तो आमाला."

"टँकरनं टँक धुतला," दुसरी म्हणाली, आणि दोघी-तिघी त्या तशा रागातही हसल्या.

सयाजी हसला नाही. "धुतला?" एवढंच म्हणाला, आणि भवनाकडं सुटला. बनुबाई पिशवी सावरत मागनं.

भवनात शंभरेक माणूस, खुर्च्यांना पांढरी कापडं, दारात दादांचा माणसाच्या दुप्पट उंचीचा फ्लेक्स. आणि चबुतऱ्यावर ते. त्याला रणगाडा म्हणायला सयाजीची जीभ वळेना. तीन महिन्यांची धूळ परवाच्या धुण्यातच गेली होती आणि तिच्या जागी दोन दिवस वाळवलेला पोपटी ऑइलपेंट, ओला दिसावा असा चमकणारा. त्यावर काळे-पिवळे पट्टे. तोफेला झेंडूचा हार, घुमटावर हळद-कुंकवाची बोटं. कढईच्या उजव्या अंगावर दादांचं नाव, डाव्या अंगावर प्रतिष्ठानचं चिन्ह. बाभळीचा ओंडका 'काटकी अडकली होती' म्हणून काढून टाकलेला. आणि फटीत, पहिल्या आणि दुसऱ्या चाकाच्या मध्ये, कुठल्यातरी पोराच्या खेळण्यातल्या ट्रकचं काळं रबरी चाक फेवीक्विकनं चिकटवलेलं. दोन्ही बाजूंना.

"एक चाक कमी हुतं," जयराज अभिमानानं म्हणाला. "पेंटरच्या ध्यानात आलं. बसवून घेतलं. आता कसं भरल्यावानी दिसतंय!"

सयाजीनं चाकाच्या खोबणीवरनं बोट फिरवलं. "धुतला कशाला?"

"मेजर, मातीनं बरबटला हुता! कार्यक्रम हाय म्हटल्यावर बैल धुतोय, टॅक्टर धुतोय, मग हे धुवाय नको?"

"आन पट्टी?"

जयराजनं चबुतऱ्याकडं बोट केलं. काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरं होती: 'मा. उदयसिंहदादा यांच्या संकल्पनेतून साकार'.

संकल्पना! ह्या मुलखात मुतारी बांधली तरी कुणाच्या तरी संकल्पनेतून बांधतात. बोटं कापायची एकानं, पत्रा ठोकायचा एकानं, आणि वर 'संकल्पना' म्हणून तिसऱ्यानं आपला शिक्का मारायचा. दादांनी आयुष्यात कधी कढई उपडी घातली होती काय? एकशे ऐंशीतली एक कडी तरी कापली होती काय? पण पाटी लागली की ती खरी, आणि बोटावरच्या खुणा खोट्या.

"पट्टी कुठाय, जयराज?"

"असंल की कुठंतरी. कार्यक्रम हुऊ द्या, मग बघू. दादा आले, बसा बसा."

बनुबाई सयाजीच्या मागं उभी होती. ती हळूच म्हणाली, "अण्णा, ह्यांचं नाव कुठाय?"

सयाजीनं आयुष्यात तोफगोळ्यांचे आवाज ऐकले, पण हा प्रश्न त्याला जास्त लागला.

दादा आले. फीत कापली. टाळ्या. माईक हातात घेऊन दादा गोड बोलले, ते गोड बोलण्यातच वाकबगार. "सैनिकांच्या ह्या भूमीत असा रणगाडा असावा, हे माझं स्वप्न होतं. आपले मेजर पोळ यांनी त्यासाठी थोडं सहकार्य केलं..."

"थोडं?"

सगळ्यांच्या माना वळल्या. सयाजी चालत चबुतऱ्यापाशी गेला. "थोडं न्हाई. समदं. आन मी मेजर न्हाई. तुमाला दफेदाराचा मेजर करता येतो, पाच चाकांची सहा करता येत्यात, पर एका मेलेल्या माणसाचं नाव ऱ्हाऊ देता येत न्हाई?"

जयराज धावला. "मेजर, खाली बसा. तमाशा नका करू."

"तमाशा तू केलायस. पोपटी रंगाचा."

मागनं कुणीतरी खिदळलं. दादांनी हात वर केला, चेहऱ्यावर तेच हसू. "बोलू द्या, बोलू द्या. कुणाचं नाव म्हणता? आमच्याकडच्या शहिदांच्या यादीत..."

"यादीत न्हाईच त्यो. म्हणूनच तर पट्टी केली हुती. त्येची बायको हितं उभी हाय, सकाळपस्नं दोन एसट्या बदलून आलीया."

दादांनी बनुबाईकडं पाहिलं. ते चतुर होते. बाईचा मान राखला की प्रकरण मिटतं हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी माईक तिच्यापुढं धरला. "या ताई, या. काय नाव होतं आपल्या यजमानांचं? आपण लिहून घेऊ."

आणि बनुबाई गप्प.

तिच्या पिढीच्या बायकांना ह्यात कोडं नव्हतं. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नसतं. त्याच्या हयातीत घेतलं नाही, तो गेल्यावर घेतलं नाही. पेन्शनच्या कचेरीतसुद्धा ती कागदावर बोट ठेवून 'हे' म्हणायची. जयराज पुटपुटला, "बघा, बाईला नावबी सांगता ईना." आणि जवळच्या दोघा-चौघांनी माना डोलावल्या, जणू काही सिद्धच झालं.

सयाजीला एकदम आठवलं. पेंटर बाहेरून रंगवतो. जे दिसतं तेच रंगवतो.

त्यानं खिशातला चाकू काढला, बूटपॉलिशच्या झाकणाच्या कडेनं सुकलेला पोपटी रंग कापला आणि झाकण उघडलं. करकर आवाज करत ते उभं राहिलं. आतून रंगाचा थेंबही नव्हता. जुना मळकट हिरवा, आणि त्यावर पांढरी चार वळणं, सयाजीनं डोक्यातल्या चित्रावरून एका काडीनं काढलेली.

"वयनी, मला हे वाचता येत न्हाई. तुमाला येतं का बघा."

बनुबाई वाकली. चौथीपर्यंत कानडी शाळा शिकलेली बाई. तिनं न टेकवता अक्षरांवरनं बोट फिरवलं. माईक अजून दादांच्या हातात, तिच्या तोंडाशी. ती वाचत होती, नाव घेत नव्हती. आणि वाचता वाचता ते तोंडातून निघालं.

"बि... राप्पा."

भवनातल्या चारी कर्ण्यांतून ते निघालं. बाहेर टँकरपाशी हंडे घेऊन उभ्या बायांनासुद्धा ऐकू गेलं. बनुबाईनं झटकन पदर तोंडावर धरला, आपण काय केलं ते कळून. मग पदर खाली घेतला. परत एकदा, आता न वाचता, दादांच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "बिराप्पा. लिवून घ्या."

दादांकडं पेन नव्हतं.

सयाजीनं तोफेचा हार उतरवून खुर्चीवर ठेवला. रणगाड्याखाली हात घातले. एकट्याला उचलवेना, मागच्या रांगेतले दोन माजी सैनिक न बोलावता उठले, आणि तिघांनी मिळून तो चबुतऱ्यावरून खाली घेतला.

"मेजर, कुठं न्हेताय?" जयराज दारात आडवा झाला. "चबुतऱ्याला पाटी लागलीया!"

"पाटी तिथंच ऱ्हाऊ दे. संकल्पना तुमची हाय न्हवं? ती ठिवा चबुतऱ्यावर आन लाइट मारा तिच्यावर."

"मेजर..."

"दफेदार म्हण, मग बाजूला हो."

जयराज नुसता बाजूला झाला.

दुपारी शेडात शालननं चहा ठेवला. सयाजीनं रबरी चाकं उपटून पत्र्यावर भिरकावली आणि सँडपेपर घेऊन दादांच्या नावापासून सुरुवात केली. पट्टी अजून मिळाली नव्हती; ती उद्या जयराजच्या घरी जाऊन, गरज पडली तर त्याच्या दारात बसून, वसूल करायची असं त्यानं जाहीर केलं होतं.

बनुबाई झाकण उघडून बघत बसली होती. "अण्णा, एक वळण उलटं पडलंय. तरी वाचाय येतंय."

"अडतीस वर्सं उलटंच बघत हुतो म्हणा की मी." सयाजीचा हात थांबला. तो खाली बघून म्हणाला, "वयनी, चालवत मी हुतो त्या दिवशी."

"ठावं हाय ओ. त्याच साली सांगितलं हुतं तुमच्या साहेबानं." तिनं झाकण मिटलं. "हितं नका ठिवू ह्याला. आमच्या शाळेत न्हिऊ. तिथल्या पोरांना वाचता तरी येतंय."

"धूळ परत लावावी लागंल. तीन म्हयने लागतील."

"धूळ?" बनुबाईनं पिशवीतली भाकरी काढून त्याच्यापुढं सरकवली. "धूळ कमी हाय व्हय जतला? तुमी रंग काढा. मी चाळणी धरते."